एक नोंद, अनेक हात

सुरतेच्या दक्षिणेस उधना, पांडेसरा आणि सचिन या औद्योगिक वसाहतींत जे असंख्य माग अहोरात्र चालतात, त्यांवर काम करणाऱ्यांत आणि लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा या भागांत घरे करून राहिलेल्यांत खानदेशातून आलेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांचा वाटा किती मोठा आहे, हे येथील वाचकास सांगावयास नको. ज्या पिढीने मागापुढे उभे राहून पाळ्या काढल्या, तिची मुले आता संगणकशास्त्र शिकून त्याच मागांचा हिशेब ठेवणारे, महिधरपुऱ्यातील हिऱ्यांच्या पुड्यांची वजने नोंदणारे आणि रिंग रोडवरील कापडबाजाराची आवकजावक सांभाळणारे प्रोग्राम लिहू लागली आहेत. या प्रोग्रामांत एकाच वेळी अनेक थ्रेड चालतात, ते एकमेकांच्या नोंदींना हात लावतात, आणि त्या हात लावण्याचे नियम ठरविल्यावाचून काम पुढे गेले तर होणारे नुकसान बहुधा अशा माणसाचे होते, ज्याला थ्रेड म्हणजे काय हे ठाऊकही नसते. हा लेख त्या तरुण प्रोग्रामरांसाठी आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. समजा, पांडेसऱ्यातील एका खात्यात ४८ वॉटरजेट माग आहेत, आणि प्रत्येक मागाच्या नियंत्रकाकडून किती पिक पडले, किती मीटर कापड विणले गेले, ताणा किती वेळा तुटला व बाणा किती वेळा, ही माहिती दर काही सेकंदांनी कार्यालयातील एका संगणकाकडे येते. तेथे चार थ्रेड प्रत्येकी बारा मागांची माहिती घेतात, पाचवा ती डेटाबेसात लिहितो, आणि सहावा भिंतीवरच्या पडद्यावर चालू पाळीची बेरीज दाखवितो. कारागिराची मजुरी मीटरवर ठरते. त्यामुळे या प्रोग्रामाने गमावलेला प्रत्येक मीटर कोणाच्या तरी पगारातून जातो, आणि आपला मीटर गेला हे सिद्ध करण्यास त्या माणसाजवळ कोणताही पुरावा नसतो.

एका प्रोग्रामातील सर्व थ्रेडांची स्मृती सामायिक असते. फंक्शनाच्या आत जन्मलेले आणि तेथेच संपणारे चल प्रत्येक थ्रेडाच्या स्वतःच्या स्टॅकवर असतात व त्यांचा पत्ता आपण बाहेर दिला नाही तोवर त्यांना धोका नाही. परंतु हीपवर निर्माण केलेल्या वस्तू, ग्लोबल चल आणि स्टॅटिक चल ही सर्वांच्या आवाक्यातली मालमत्ता होय. आता चालू पाळीची बेरीज ठेवणारा एक चल घ्या. त्यात तीन मिळवावयाचे म्हणजे आपण एकच ओळ लिहितो, पण यंत्राच्या दृष्टीने तेथे तीन कामे असतात: जुना आकडा स्मृतीतून उचलणे, त्यात मिळवणे आणि नवा आकडा परत ठेवणे. बेरीज १२०० असताना एका थ्रेडाने १२०० उचलले, त्याने ते परत ठेवण्यापूर्वी दुसऱ्यानेही १२०० उचलले, पहिल्याने तीन मिळवून १२०३ ठेवले आणि दुसऱ्याने पाच मिळवून १२०५ ठेवले, तर जेथे १२०८ हवे होते तेथे १२०५ उरले आणि तीन मीटर कोठेही न नोंदले जाता नाहीसे झाले. कोणतीही तक्रार आली नाही, कोणताही संदेश उमटला नाही.

हे स्वतः पाहावयाचे असेल तर सी++ किंवा जावामध्ये दोन थ्रेडांकडून एकाच चलात दहा दहा लाख वेळा एक मिळवून पाहावे. उत्तर वीस लाखांहून कमी येईल आणि बहुधा दर वेळी निराळे येईल. मात्र कंपायलराने ती सारी आवर्तने एकाच बेरजेत गुंडाळली, तर उत्तर अचूक येऊन दोष झाकला जाण्याचाही संभव आहे, आणि या विषयातील सर्वांत मोठी अडचण नेमकी हीच आहे की, चाचणीत दोष न दिसणे हा दोष नसल्याचा पुरावा होत नाही.

या विधानाचे सर्वांत दारुण प्रमाण म्हणजे थेरॅक-२५ हे कर्करोगाच्या रुग्णांस किरणोपचार देणारे, कॅनडात तयार झालेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत या यंत्राने नियोजित मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिल्याच्या सहा घटना उघड झाल्या, आणि त्यांत काही रुग्ण प्राणास मुकले. टेक्सास राज्यातील टायलर येथे १९८६ साली घडलेल्या घटनांचा उलगडा असा झाला की, यंत्रातील चुंबके आपल्या जागी बसण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांत चालकाने आधी चुकीचा टंकलेला उपचारप्रकार दुरुस्त केला तर ती दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु यंत्र मांडणाऱ्या दुसऱ्या कार्यास तिची वार्ता लागत नसे. दोन्ही कार्ये एकाच सामायिक चलांवर, कोणत्याही बंदोबस्तावाचून, विसंबून होती. चालक नवखा असताना, सावकाश टंकीत असताना, हा दोष कधीच प्रकट झाला नाही; हात सरावाने वेगवान झाला तेव्हा तो प्रकट झाला. शिवाय त्याच घराण्यातील आधीच्या यंत्रांत स्वतंत्र विद्युत्-यांत्रिक अटकाव होते, त्यांमुळे तत्सम चुका त्यांच्यात निरुपद्रवी ठरल्या होत्या, आणि नव्या यंत्रात ते अटकाव काढून सारा भार प्रोग्रामावर टाकला गेला होता. आपला प्रोग्राम बारा मागांवर वर्षभर निर्वेध चालला म्हणून अठ्ठेचाळीस मागांवर तो तसाच चालेल, असे मानणाऱ्याने हा इतिहास अवश्य वाचावा.

बेरीज हरवण्याखेरीज आणखी एक संकट आहे आणि ते अधिक सूक्ष्म आहे. आपण ज्या क्रमाने आज्ञा लिहितो त्याच क्रमाने त्या घडतील, अशी आपली सहज समजूत असते. वस्तुतः कंपायलर आणि प्रोसेसर हे दोघेही, एकट्या थ्रेडाच्या दृष्टीने फलित बदलत नाही तोवर, आज्ञांचा क्रम मागेपुढे करण्यास मुखत्यार असतात. एका थ्रेडाने आधी मीटरांची नोंद पूर्ण केली आणि मग ‘नोंद तयार’ अशी खूण केली, तरी दुसऱ्या थ्रेडास खूण आधी आणि अपुरी नोंद नंतर दिसू शकते; इंटेलच्या प्रोसेसरांवर जे सहसा निभावून जाते ते मोबाइलमधील व लहान संगणकांतील एआरएम प्रोसेसरांवर निभावत नाही. ‘थांबा’ ही खूण एका थ्रेडाने उभारली आणि ती वाचणाऱ्या थ्रेडाच्या लूपमधून कंपायलराने ते वाचनच बाहेर काढून ठेवले, तर तो थ्रेड कधीही थांबत नाही.

या गोंधळातून वाट काढण्याचे जे काम झाले त्यात एक नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली अनुक्रमिक सुसंगतीची व्याख्या केली, म्हणजे सर्व थ्रेडांच्या आज्ञा जणू एकाच रांगेत, प्रत्येकाचा आपापला क्रम राखून घडल्या असे फलित दिसणे. परंतु यंत्रांनी वेगासाठी हे अभिवचन केव्हाच सोडून दिले होते. मुंबईच्या आय. आय. टी.तून १९८७ साली पदवी घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे संशोधनास गेलेल्या सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० साली या प्रश्नाची मांडणीच पालटली. प्रोग्रामराने एक पथ्य पाळावे आणि त्याच्या मोबदल्यात यंत्राने व भाषेने त्याला लॅम्पोर्ट यांची सरळ सृष्टी परत द्यावी, असा हा करार होता. पथ्य इतकेच की, एकाच जागेस दोन थ्रेडांनी स्पर्श करावयाचा असेल आणि त्यांपैकी एकजण जरी तेथे लिहिणार असेल, तर त्या दोन स्पर्शांच्या दरम्यान लॉक किंवा तत्सम रीतसर समन्वय असलाच पाहिजे. तो नसेल तर त्यास डेटा रेस म्हणावे. जावाच्या २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीतील आणि सी++च्या २०११ सालच्या प्रमाणातील स्मृतीविषयक नियम याच पायावर उभे आहेत, आणि दोन्हींच्या घडणीत अडवे यांचा प्रत्यक्ष हात आहे. सी++मध्ये तर नियम इतका कठोर आहे की, डेटा रेस असलेल्या प्रोग्रामाच्या वर्तनाविषयी भाषा कोणतीच हमी देत नाही. ‘आकडा जरा जुना वाचला गेला तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद म्हणूनच तेथे टिकत नाही.

येथे व्होलाटाइल या शब्दाविषयी सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. सी आणि सी++मध्ये तो थ्रेडांच्या समन्वयासाठी नाहीच. जावामध्ये तो एका थ्रेडाचे लिहिलेले दुसऱ्यास दिसेल याची हमी देतो, परंतु उचलणे, मिळवणे आणि ठेवणे ही तीन कामे अखंड करीत नाही.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. पहिला उपाय लॉक, ज्यास म्यूटेक्स असेही म्हणतात. अनेक कार्यांपैकी एकावेळी एकानेच नाजूक भागात शिरावे हा प्रश्न एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली काटेकोरपणे मांडला आणि सोडविला, पण त्याचे व्यावहारिक रूप त्याआधी कितीतरी वर्षे लोहमार्गांवर नांदत होते. ज्या ताप्तीकाठच्या मार्गाने खानदेशातील माणसे सुरतेस आली तो उधना ते जळगाव हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. आणि अशा एकेरी मार्गांवर दोन स्थानकांच्या दरम्यान एकच गाडी असावी म्हणून भारतीय रेल्वेत टोकनाची वहिवाट होती. यंत्रातून निघालेला धातूचा गोळा चालकाच्या स्वाधीन झाल्याखेरीज गाडी पुढे नेण्याची मुभा नसे, आणि तो गोळा पलीकडच्या यंत्रात परत पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही स्थानकाच्या यंत्रातून दुसरा गोळा निघत नसे. या व्यवस्थेतील मर्म असे की, रूळ स्वतः कोणाही गाडीस अडवीत नाहीत. अडविते ती प्रत्येक चालकाने पाळलेली शिस्त. लॉकचेही तसेच आहे. लॉक माहितीस कुलूप लावीत नाही. पाच थ्रेडांनी लॉक घेऊन बेरजेस हात लावला आणि सहाव्याने, आपण केवळ वाचणार आहोत या समजुतीने, न घेता लावला, तर साऱ्या व्यवस्थेचा भंग झाला. वाचणाऱ्यासही लॉक हवाच, हे नव्या प्रोग्रामरांच्या मनावर वारंवार बिंबविले पाहिजे, कारण भिंतीवरचा पडदा रंगविणारा थ्रेड लिहिणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत शेवटी येतो आणि तोवर शिस्त ढिली झालेली असते.

म्हणून कोड लिहिण्यापूर्वी एक फर्द तयार करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तिच्यात प्रत्येक सामायिक नोंदीपुढे ती कोण लिहितो, कोण वाचतो आणि कोणत्या लॉकच्या ताब्यात ती आहे, हे तीन रकाने भरावेत. ज्या नोंदीपुढे तिसरा रकाना भरता येत नाही तिची रचना अद्याप झालेली नाही असे समजावे. ही फर्द कोडातच, त्या नोंदीच्या व्याख्येशेजारी टिप्पणी म्हणून राहावी. वेगळ्या कागदावर ठेवलेली फर्द पहिल्याच फेरबदलानंतर खोटी ठरते. त्याहून उत्तम म्हणजे नोंद आणि तिचा लॉक ही दोन्ही एकाच क्लासच्या खासगी भागात ठेवून बाहेरच्यांस फक्त पद्धतींच्या द्वारेच प्रवेश द्यावा, आणि त्या पद्धतींतून आतली यादी किंवा तिचा पत्ता कधीही बाहेर देऊ नये, द्यावयाचीच तर प्रत द्यावी. लॉक सोडण्याचे काम हाताने करू नये. सी++मधील लॉक-गार्ड, जावामधील सिंक्रोनाइज्ड, पायथॉनमधील विथ यांच्याकडे ते सोपवावे, म्हणजे मध्येच अपवाद उद्भवून फंक्शन अर्ध्यावर सुटले तरी लॉक अडकून राहणार नाही.

लॉक कशाचे रक्षण करतो याविषयीही स्पष्टता हवी. आपल्या खात्यात एकूण बेरीज ही ४८ मागांच्या वेगवेगळ्या आकड्यांच्या बेरजेइतकीच असली पाहिजे; हा संबंध म्हणजे खरी मालमत्ता, आणि लॉक त्या संबंधासाठी असतो. मागाचा आकडा एका लॉकखाली आणि एकूण बेरीज दुसऱ्या लॉकखाली बदलली, तर मधल्या क्षणी वाचणाऱ्यास दोन आकड्यांत फरक दिसेल आणि मुकादम व कारागीर यांच्यात नाहक वाद उभा राहील. त्याचप्रमाणे ‘या मागाची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर निर्माण करा’ यासारखी जोडकामे एकाच ताब्यात उरकली पाहिजेत. पाहणे एका लॉकखाली आणि करणे दुसऱ्यांदा घेतलेल्या लॉकखाली झाले, तर मध्यंतरी दुसरा थ्रेड तीच नोंद निर्माण करून बसलेला असतो. तयार थ्रेडसुरक्षित संग्रह वापरणाऱ्यांची गफलत बहुतेक येथेच होते: संग्रहाची प्रत्येक क्रिया सुरक्षित असते, दोन क्रियांची जोडी मात्र सुरक्षित नसते.

लॉक हाती असताना डेटाबेसास पृच्छा करू नये, नेटवर्कवर काही पाठवू नये, फाइल लिहू नये, आणि जे कोड आपल्या ताब्यात नाही ते बोलावू नये. जे लिहावयाचे त्याची प्रत लॉकखाली काढावी, लॉक सोडावा आणि मग लिहावे. एवढा एकच शिरस्ता पाळला तरी निम्मी दुखणी जवळ येत नाहीत.

दोन लॉक एकदम घ्यावे लागले की गतिरोधाचा, म्हणजे डेडलॉकचा, धोका आलाच. पाळीच्या मध्यावर एका कारागिरास सातव्या मागावरून बाराव्यावर हलविले. त्यासाठी एका थ्रेडाने सातचा लॉक घेऊन बाराच्या लॉकची प्रतीक्षा आरंभिली. त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडाने उलट बदलीसाठी बाराचा घेऊन सातची प्रतीक्षा आरंभिली. आता दोघेही अनंत काळ उभे. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली दाखवून दिले की, गतिरोधास चार अटी एकत्र जमाव्या लागतात, आणि त्यांपैकी वर्तुळाकार प्रतीक्षा ही अट मोडणे व्यवहारात सर्वांत सोपे असते: बदली कोणत्याही दिशेस असो, लहान क्रमांकाच्या मागाचा लॉक आधी घ्यावयाचा. ठरावीक मुदतीनंतर लॉकचा नाद सोडून देण्याची सोय काही भाषांत असते, पण ती तात्पुरती मलमपट्टी होय.

लॉकमुळे काळाचा हिशेब कसा बिघडतो याचे उदाहरण मंगळावर घडले. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक थोड्याच दिवसांत पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ कार्याने सामायिक माहितीमार्गाचा म्यूटेक्स घेतलेला असे, मध्यम अग्रक्रमाची कार्ये त्याला बाजूस सारून चालत राहत, आणि एक वरिष्ठ कार्य त्या म्यूटेक्ससाठी ताटकळत बसे. वरिष्ठ काम मुदतीत झाले नाही हे ध्यानात येताच सारा संगणक नव्याने सुरू होई. पृथ्वीवरच्या प्रतियंत्रावर अभियंत्यांनी हा प्रसंग पुन्हा घडवून आणला, म्यूटेक्स धरणाऱ्यास प्रतीक्षा करणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता देण्याचा पर्याय, जो प्रणालीत होता पण बंद ठेवला गेला होता, तो दुरून संदेश पाठवून चालू केला, आणि व्याधी गेली. मागांच्या हिशेबात अग्रक्रमाचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु मागाचे नियंत्रकच कोणी लिहिणार असेल तर हा पर्याय त्याने पहिल्या दिवशी तपासावा.

लॉकांविषयी इतके लिहिल्यावर आता सांगितले पाहिजे की, माझ्या मते बहुतेक ठिकाणी लॉक हा दुसरा उपाय असावा, पहिला नव्हे. पहिला उपाय म्हणजे सामायिक करणेच टाळणे, नोंदीचा एकच स्वामी नेमणे आणि इतरांनी त्याच्याकडे केवळ रांगेतून निरोप पाठविणे. आपल्या खात्यातील चार वाचक थ्रेडांनी बेरजेस स्पर्शच करू नये. प्रत्येकाने मागाकडून आलेली माहिती एका लहान, पुढे न बदलणाऱ्या निरोपात भरून रांगेत टाकावी. बेरीज व डेटाबेस यांचा स्वामी असलेल्या पाचव्या थ्रेडाने एकेक निरोप काढून हिशेब करावा. असे केले की बेरीज करताना मीटर हरवण्याचा प्रश्नच शिल्लक राहत नाही, कारण त्या चलास लिहिणारा हात एकच उरतो. रांग स्वतः थ्रेडसुरक्षित हवी, आणि तशा रांगा तयार मिळतात: जावामध्ये ब्लॉकिंगक्यू, पायथॉनमध्ये क्यू, गो भाषेत चॅनेल. सी++मध्ये म्यूटेक्स व कंडिशन व्हेरिएबल घेऊन ती रचावी लागते, आणि तेथे जागे झालेल्या थ्रेडाने अट खरी झाली आहे का हे इफ लावून एकदाच न पाहता व्हाइल लूपमध्ये पुनःपुन्हा पाहावे, कारण कोणीही न उठविता थ्रेड जागा होऊ शकतो आणि प्रमाणाने त्यास तशी मोकळीक दिलेली आहे. निरोप रांगेत टाकल्यानंतर पाठविणाऱ्याने त्या वस्तूस पुन्हा हात लावता कामा नये. ताबा गेला तो गेला.

रांगेस मर्यादा असलीच पाहिजे. डेटाबेस अर्धा तास मंदावला आणि रांग अमर्याद असली तर ती संगणकाची सारी स्मृती खाऊन मगच थांबेल. मर्यादा भरल्यावर काय करावयाचे याचे उत्तर माहितीच्या स्वभावावर अवलंबून असते. पडद्यासाठी जाणाऱ्या निरोपांतले जुने टाकून दिले तरी हरकत नाही, तेथे ताजा तेवढाच कामाचा. मीटरांचा निरोप मात्र कधीही टाकू नये; पाठविणाऱ्यास थांबवावे किंवा निरोप डिस्कवर लिहून ठेवावा. त्याहूनही चांगली तजवीज अशी की, मागाच्या नियंत्रकाकडून ‘मागील वेळेपासून किती मीटर’ असा फरक न मागता ‘आरंभापासून एकूण किती’ हा चढता आकडा मागावा आणि फरक स्वामीने काढावा. मग एखादा निरोप हरवला तरी पुढचा त्याची भरपाई करतो, आणि एकच निरोप दोनदा आला तरी कोणाच्या खाती दुप्पट मीटर पडत नाहीत. नियंत्रक बंद होऊन शून्यापासून मोजू लागला तर ते ओळखण्याची व्यवस्था मात्र ठेवावी लागते. विणकरांच्या वस्तीत वीज जाणे ही कल्पनेतली गोष्ट नाही.

पडदा रंगविणाऱ्या थ्रेडासाठी तिसरी रीत सोयीची पडते. स्वामीने दर सेकंदास ४८ मागांचे आकडे आणि त्यांची बेरीज यांचे एक संपूर्ण, यापुढे न बदलणारे चित्र तयार करावे आणि त्याचा संदर्भ एका अखंड क्रियेने प्रसिद्ध करावा. वाचणाऱ्याने तो संदर्भ एकदाच उचलून त्यावरूनच सारा पडदा रंगवावा. त्याचे चित्र फार तर एका सेकंदाने जुने असेल, पण आतून विसंगत कधीही नसेल.

अणुचल, म्हणजे अ‍ॅटॉमिक, हे साधन एकट्या गणकासाठी उत्तम आणि दोन नोंदींचा परस्परसंबंध राखण्यास निरुपयोगी. ते वापरताना क्रमाचे सौम्य पर्याय निवडण्याचा मोह टाळावा आणि भाषेने दिलेला कडक पर्यायच राहू द्यावा. सौम्य पर्याय ग्रंथालये लिहिणाऱ्यांसाठी आहेत. गणकावर फारच गर्दी होत असेल तर प्रत्येक थ्रेडास स्वतःचा गणक देऊन शेवटी बेरीज करावी, जावामधील लाँगअ‍ॅडर याच धर्तीवर चालतो. मात्र असे गणक स्मृतीत शेजारीशेजारी ठेवले तर बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटांच्या एकाच कॅश-ओळीत ते येतात, आणि तर्काने विभक्त असूनही यंत्रात एकमेकांस खोळंबवितात; त्यांच्यात पुरेसे अंतर सोडावे.

पायथॉन लिहिणाऱ्यांचा एक समज येथे दूर केला पाहिजे. पायथॉनच्या सर्वव्यापी लॉकमुळे एकावेळी एकच थ्रेड पायथॉनचे कोड चालवितो, म्हणून लॉकांची गरज नाही, असे ते मानतात. तो सर्वव्यापी लॉक अर्थनिर्वाहकाच्या, म्हणजे इंटरप्रिटरच्या, स्वतःच्या रक्षणासाठी आहे. आपल्या बेरजेतील उचलणे आणि ठेवणे यांच्या मध्ये तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीत तो लॉक नसलेला पायथॉनही प्रथम प्रायोगिक रूपात मिळू लागला, तेव्हा आज योगायोगाने चालणारे कोड उद्या चालणार नाही. रस्ट भाषेने मात्र, २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आल्यापासून, ताब्याचा प्रश्न कंपायलराच्या हाती दिला आहे: जी वस्तू दुसऱ्या थ्रेडाकडे गेली तिला पहिल्याने हात लावला तर प्रोग्राम बनतच नाही. नवे काम आरंभणाऱ्यांनी तिचा गंभीरपणे विचार करावा. मात्र गतिरोधापासून तीही वाचवीत नाही.

तपासणीसाठी जीसीसी व क्लँग या कंपायलरांत थ्रेडसॅनिटायझर आहे, गो भाषेत रेस-शोधक अंगभूत आहे, आणि व्हॅल्ग्राइंडमध्ये हेलग्राइंड आहे. थ्रेडसॅनिटायझराखाली प्रोग्राम पाच ते पंधरा पट सावकाश चालतो, म्हणून तो खात्यात न लावता चाचणीच्या संगणकावर, खोट्या मागांकडून खऱ्याहून कितीतरी अधिक निरोप पाठवून, रोज रात्री चालवावा. तो जी वाट प्रत्यक्ष चालली गेली तिच्यावरचीच रेस दाखवितो, हे ध्यानात ठेवून पाळीबदल, मागाची बदली, नेटवर्क तुटणे हे विरळ प्रसंग मुद्दाम घडवावेत. त्याने दाखविलेली एकही रेस ‘निरुपद्रवी’ म्हणून सोडू नये.

शेवटी राहतो थांबण्याचा प्रश्न, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत अधिक सलते, कारण पाळीचा हिशेब बंद होण्याच्या क्षणीच मीटर सर्वाधिक हरवतात. थ्रेडास बाहेरून मारून टाकू नये. जावाने ती पद्धत १९९८ सालीच त्याज्य ठरविली, कारण मारलेला थ्रेड अर्धवट बदललेली नोंद मागे ठेवून जातो. पायथॉनमधील डिमन थ्रेडही प्रोग्राम संपताना असेच अर्ध्यावर तुटतात, तेव्हा हिशेबाचे काम त्यांच्याकडे देऊ नये. पाळी संपताना चारही वाचकांस थांबण्याची खूण द्यावी. प्रत्येकाने हाती असलेला निरोप रांगेत टाकून त्यामागे ‘माझे संपले’ असा एक निरोप टाकावा. स्वामीने असे चार निरोप मिळेपर्यंत रांग रिकामी करीत राहावे, मग पाळीची बेरीज डेटाबेसात एकाच व्यवहारात लिहावी, आणि मुख्य थ्रेडाने पाचही थ्रेड खरोखर संपेपर्यंत थांबावे. ठरलेल्या मुदतीत चारांपैकी तीनच निरोप आले, तर कोणत्या बारा मागांचा हिशेब अपुरा आहे ते पाळीच्या नोंदीतच क्रमांकांसह लिहावे, ती नोंद मुकादमाच्या पडद्यावर आणावी, आणि त्यानंतरच पुढील पाळीचे खाते उघडावे.